काडतुसांचा कारागीर : एल्मर कीथ

नेमबाजी म्हटले की महाराष्ट्रातील वाचकांना अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे ही नावे आठवतात. या खेळाडूंनी ज्या प्रकारांत नाव कमावले, त्यांत एक तर हवेच्या दाबावर उडणारा छर्रा असतो किंवा पॉइंट २२ जातीचे बारीक काडतूस. हे काडतूस कारखान्यातून तयार होऊन येते. त्याचा ठिणगी देणारा मसाला पुंगळीच्या तळाच्या कडेतच भरलेला असल्याने एकदा बार उडाला की पुंगळी निकामी होते. मोठ्या व्यासाच्या पिस्तुलांची आणि रिव्हॉल्व्हरची गोष्ट मात्र निराळी आहे. त्यांच्या पितळी पुंगळ्या पुन:पुन्हा भरता येतात. अमेरिकेत या घरगुती काडतूसभरणीची फार मोठी परंपरा आहे आणि त्या परंपरेत एक नाव आजही आदराने, आणि थोड्या धास्तीनेही, घेतले जाते. ते नाव म्हणजे एल्मर कीथ.

कीथ हे ना अभियंता होते, ना रसायनशास्त्रज्ञ. गुरे राखणारा, घोडे वठणीवर आणणारा, शिकाऱ्यांना डोंगरवाटा दाखवणारा हा माणूस. शालेय शिक्षण बेताचे, डावा हात लहानपणीच अधू झालेला. तरीही विसाव्या शतकातील रिव्हॉल्व्हरच्या काडतुसांचा इतिहास त्यांना वगळून लिहिता येत नाही. स्वयंपाकघराशेजारच्या टेबलावर केलेले प्रयोग मोठ्या कारखान्यांनी अखेर मान्य करावेत, यासाठी त्यांनी जवळजवळ तीस वर्षे लेखणी झिजवली.

त्यांचे कार्य समजून घेण्यासाठी हा उद्योग आधी समजून घेतला पाहिजे. काडतुसाचे घटक चार : पितळी पुंगळी, तिच्या तळाशी बसवलेली ठिणगी देणारी टोपी अर्थात प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी गोळी. यांत सर्वांत महाग पुंगळी, आणि तीच उडाल्यानंतरही शिल्लक राहते. जुनी टोपी काढायची, फुगलेली पुंगळी पोलादी साच्यात दाबून मूळ मापाची करायची, नवी टोपी बसवायची, मोजून दारू घालायची, गोळी ठरावीक खोलीपर्यंत बसवायची आणि पुंगळीची कड गोळीवर आवळायची. सारे काम इतकेच. मात्र दारू मोजायचे एकक आहे ग्रेन. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, सोनाराच्या अर्ध्या गुंजेच्या आसपास. एवढ्याशा फरकाने नळीतील दाब बदलतो.

लक्ष्यवेधी नेमबाज हा खटाटोप दोन कारणांनी करतात. पहिले खर्चाचे. अमेरिकेतील पारंपरिक पिस्तूल स्पर्धेत तीन प्रकारच्या शस्त्रांनी प्रत्येकी ९० अशा २७० गोळ्या झाडाव्या लागतात, आणि सराव त्याच्या कित्येक पट. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. ५० यार्डांवरील लक्ष्याचे दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम साडेआठ सेंटिमीटर व्यासाचे असते. तिथे प्रत्येक गोळी आधीच्या गोळीसारखीच सुटावी लागते. आपल्या पिस्तुलाला मानवेल अशी सौम्य, कमी धक्का देणारी आणि एकसारखी काडतुसे नेमबाज स्वतः घडवतो. यात चुकीला क्षमा नसते. सौम्य भरणीत पुंगळी अर्धीही भरत नाही. त्यामुळे चुकून दोनदा दारू पडली तरी ती चटकन ध्यानात येत नाही. उलट दारू पडलीच नाही, तर केवळ टोपीच्या जोरावर गोळी नळीत जाऊन अडकते आणि मागून येणारी गोळी शस्त्र फोडते. कीथ यांचे नाव ज्या प्रसंगाने प्रथम छापून आले, तो असाच शस्त्र फुटण्याचा प्रसंग होता.

एल्मर कीथ यांचा जन्म ८ मार्च १८९९ रोजी मिसुरी राज्यातील हार्डिन या गावी झाला. पुढे कुटुंब पश्चिमेकडे, मोंटाना राज्यात गेले. एल्मर बारा वर्षांचा असताना मिझुला शहरात ते राहत असलेल्या इमारतीला भीषण आग लागली. त्या आगीत तो इतका भाजला की जगण्याची आशा उरली नव्हती. जीव वाचला, पण डावा हात मनगटाकडे उलटा वळून तसाच जखडला. डॉक्टरांनी असमर्थता दाखवल्यावर मुलाने आपल्या वडिलांकडून तो हात पुन्हा मोडून सरळ करवून घेतला. त्या यातनांतून हात कामापुरता सावरला. पुढे याच हाताने त्याने घोड्यांचे लगाम धरले आणि शिशाचे साचे हाताळले.

हेलेना शहरात वाढत असताना त्याला एक विलक्षण शाळा लाभली. अमेरिकी यादवी युद्धात लढलेले म्हातारे सैनिक तेव्हा हयात होते. त्यांच्या काळातील रिव्हॉल्व्हरला काडतूसच नसे. चक्राच्या प्रत्येक खणात दारू ओतायची, वर शिशाची गोळी दाबायची, मागे टोपी लावायची. म्हणजे प्रत्येक बार हा हाताने भरलेलाच. दारू किती, गोळी किती घट्ट, वंगण कोणते, या प्रश्नांची उत्तरे त्या वृद्धांनी अनुभवाने शोधलेली होती आणि या किशोराने ती त्यांच्याकडून वेचली.

तरुणपणी कीथ यांनी गुराख्याचे काम केले, रानटी घोड्यांना वठणीवर आणण्याच्या स्पर्धांत भाग घेतला आणि शिकाऱ्यांचे वाटाडे म्हणून भटकंती केली. १९२०च्या दशकाच्या मध्यास ओहायो राज्यातील कॅम्प पेरी येथील राष्ट्रीय रायफल स्पर्धांतही ते उतरले. नेमबाजीतील शिस्त, वाऱ्याचा अंदाज आणि प्रत्येक काडतूस एकसारखे असण्याचे मोल त्यांना तिथे कळले. मात्र त्यांचा जीव जडला होता रिव्हॉल्व्हरवर. रिव्हॉल्व्हर हे फक्त जवळच्या अंतराचे शस्त्र आहे, हा समज त्यांना मान्य नव्हता.

४ जुलै १९२५ रोजी अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाची सलामी म्हणून त्यांनी आपले पॉइंट ४५ व्यासाचे कोल्ट रिव्हॉल्व्हर उडवले. आतली काडतुसे त्यांनी स्वतः भरली होती. रायफलसाठीच्या जड गोळ्या आणि बारीक कुटलेली काळी दारू असा तो मेळ होता. दारू जितकी बारीक तितकी ती झपाट्याने जळते आणि दाब तितकाच वाढतो. व्हायचे तेच झाले. रिव्हॉल्व्हरच्या चक्राचा वरचा भाग आणि त्यावरील लोखंडी पट्टी उडून गेली. सुदैवाने कीथ यांना गंभीर इजा झाली नाही.

एखाद्याने ही फजिती लपवली असती. कीथ यांनी ती सविस्तर लिहून काढली आणि ‘अमेरिकन रायफलमन’ या मासिकाकडे पाठवली. त्याच वर्षी ती छापून आली. त्यांच्या दीर्घ लेखनप्रवासाची सुरुवात अशी स्वतःच्या चुकीच्या जाहीर नोंदीने झाली. लेखनापेक्षाही महत्त्वाचे ठरले ते त्यांनी काढलेले अनुमान. पॉइंट ४५ रिव्हॉल्व्हरच्या खणांमधील भिंती पातळ असतात. त्याच आकाराच्या चक्रात थोड्या कमी व्यासाचे काडतूस वापरले, तर भिंती जाड राहतील आणि अधिक दाब सोसतील. या विचाराने ते पॉइंट ४४ स्पेशल या काडतुसाकडे वळले. ते काडतूस अचूकतेसाठी नावाजलेले होते, पण कारखाने ते फारच मंद भरत.

१९२८मध्ये फिलाडेल्फियाचे हॅरल्ड क्रॉफ्ट हे हौशी शस्त्रतज्ज्ञ आपली सुधारित रिव्हॉल्व्हर घेऊन ओरेगॉन राज्यात डर्की येथे कीथ यांच्या रँचवर आले. दोघांनी दूरवरच्या लक्ष्यांवर ती पारखली. या मैत्रीतून ‘क्रमांक ५’ म्हणून प्रसिद्ध झालेले रिव्हॉल्व्हर आकाराला आले. मूठ, घोडा, माशी, चक्राचा आस अशा प्रत्येक भागात त्यात सुधारणा होती. १९२९मध्ये कीथ यांनी त्यावर लिहिलेला लेख रिव्हॉल्व्हरप्रेमींमध्ये आजही गाजतो.

याच सुमारास त्यांनी एका गोळीचे रेखाटन केले. लायमन कंपनीने तिचा साचा ४२९४२१ या क्रमांकाने बाजारात आणला. त्या काळच्या बहुतेक गोळ्या अंडाकृती टोकाच्या असत. कागदी लक्ष्यातून जाताना त्या कागद फाडतात आणि छिद्राची कड ओबडधोबड राहते. स्पर्धेत छिद्र वर्तुळाच्या रेषेला नुसते टेकले तरी वरचा गुण मिळतो. त्यामुळे छिद्राची कड स्वच्छ असणे याला फार महत्त्व आहे. नेमबाजांसाठी सपाट तोंडाची, नळकांड्यासारखी वॉडकटर गोळी होती. ती गोल छिद्र पाडी, पण लांब अंतरावर तिचा भरवसा नसे. कीथ यांनी दोहोंचा मेळ घातला. पुढे रुंद सपाट टोक, त्यामागे नळीच्या व्यासाइतकी तीक्ष्ण खांदेदार कड, तीन सारख्या रुंदीचे पट्टे, मध्ये वंगणासाठी खोल खाच आणि पुंगळीची कड आवळण्यासाठी वेगळी खाच. ही गोळी लांबवर नेमकी जाई आणि कागदावर कापल्यासारखे छिद्र पाडी. सेमी-वॉडकटर नावाने ओळखला जाणारा हा घाट पुढे लक्ष्यवेधी नेमबाजांच्या टेबलावर कायमचा आला. ज्यांनी कधी शिकार केली नाही, अशा असंख्य स्पर्धकांनीही या धर्तीच्या गोळ्या ओतल्या आहेत.

गोळ्या ओतणे हेही एक कौशल्यच. शिसे फार मऊ. ते नळीच्या खाचांना चिकटते आणि नेम बिघडवते. त्यात कथील मिसळले की ते किंचित कठीण होते आणि साच्याचे कोपरे नीट भरते. साचा पुरेसा तापलेला नसेल तर गोळीवर सुरकुत्या पडतात. अशी गोळी बाजूला काढून पुन्हा वितळवावी लागते. अधू हाताच्या या माणसाने हे काम आयुष्यभर केले. लाकूडतोड, शेती, गुरे आणि वाटाड्याचे काम यांतून उरलेला वेळ आणि मिळालेले तुटपुंजे मानधन प्रयोगांवर खर्च होई. १९२६मध्ये लॉरेन रँडल यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. महामंदीच्या वर्षांत हे कुटुंब आयडाहो राज्यात सॅमन नदीकाठी नॉर्थ फोर्क येथे राहत होते. त्या दुर्गम जागेहून त्यांचे लेख पूर्वेकडील संपादकांकडे जात.

कीथ यांच्याजवळ दाब मोजण्याचे यंत्र नव्हते. कारखान्यांजवळ ते होते. कीथ मात्र उडालेली पुंगळी खणातून सहज निघते की अडकते, टोपी किती चपटी झाली, पितळ कुठे ताणले गेले, यांवरून अंदाज बांधत. ही पद्धत अनुभवी हातात बऱ्यापैकी काम देते, पण तिला मर्यादा आहेत. धोक्याची खूण दिसेपर्यंत दाब कधीकधी मर्यादेच्या पलीकडे गेलेला असतो. त्या काळच्या पुंगळ्यांचा तळ आतून पोकळ असे. पुढे भरीव तळाच्या, अधिक मजबूत पुंगळ्या आल्या. त्या मजबूत होत्या, पण त्यांच्या आतली जागा कमी होती, आणि जागा कमी झाली की तेवढ्याच दारूचा दाब वाढतो. त्यामुळे कीथ यांना आपलेच जुने प्रमाण कमी करावे लागले. काडतूसभरणीत कोणतेही प्रमाण कायमचे नसते, ते पुंगळी, टोपी, दारू आणि शस्त्र या चौघांशी बांधलेले असते, हा धडा त्यातून मिळतो. १९३६मध्ये त्यांचे रिव्हॉल्व्हरच्या काडतुसांवरील पहिले पुस्तक आले.

या प्रयोगांची दखल कारखान्यांनी हळूहळू घेतली. १९३५मध्ये स्मिथ अँड वेसन कंपनीने पॉइंट ३५७ मॅग्नम रिव्हॉल्व्हर आणले. त्यामागे फिलिप शार्प आणि डग्लस वेसन यांचे काम होते. जाड बांध्याच्या रिव्हॉल्व्हरमधून पॉइंट ३८ स्पेशल काडतुसे जोरदार भरून पाहण्याचे कीथ यांचे प्रयोगही त्याच वाटेवरचे. कीथ यांचे मन मात्र मोठ्या व्यासावरच होते. पॉइंट ४४ स्पेशलची अशीच जोरदार आवृत्ती कारखान्याने काढावी, ही मागणी ते वर्षानुवर्षे लेखांतून आणि पत्रांतून करीत राहिले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते युटा राज्यातील ऑग्डेन शस्त्रागारात रायफलींचे निरीक्षक होते. त्यांनी तपासून मान्य केलेल्या रायफलींवर त्यांच्या आद्याक्षरांची मोहोर उमटवलेली आहे.

कारखान्यांची अडचणही खरी होती. जोरदार काडतूस कोणीतरी जुन्या, कमकुवत रिव्हॉल्व्हरमध्ये घालील आणि अपघात होईल, ही त्यांची भीती. तोडगा साधा होता. पॉइंट ३५७च्या वेळी केले तसे याही वेळी पुंगळी सुमारे एक अष्टमांश इंचाने लांब केली. जुन्या रिव्हॉल्व्हरच्या खणात ती पूर्ण बसतच नाही. रेमिंग्टन कंपनीने काडतूस आणि कार्ल हेलस्ट्रॉम यांच्या नेतृत्वाखालील स्मिथ अँड वेसनने रिव्हॉल्व्हर तयार केले. १९५५ संपता संपता पॉइंट ४४ मॅग्नम जन्माला आले आणि सुरुवातीच्या रिव्हॉल्व्हरपैकी एक कीथ यांच्या हाती पडले. तेव्हा ते ५६ वर्षांचे होते. कारखान्याचे काडतूस त्यांनी मागितले होते त्याहूनही जोरदार निघाले. १९६४मध्ये आलेल्या पॉइंट ४१ मॅग्नममागेही बिल जॉर्डन आणि स्कीटर स्केल्टन यांच्याबरोबर कीथ यांचा आग्रह होता.

पुढे या शस्त्राला निराळीच प्रसिद्धी मिळाली. १९७१च्या ‘डर्टी हॅरी’ चित्रपटात क्लिंट ईस्टवूडच्या हाती पॉइंट ४४ मॅग्नम दिसले आणि त्याची मागणी एकाएकी वाढली. शिकार आणि दूरचा नेम यांसाठी डोंगरातल्या माणसाने मागितलेले काडतूस शहरी गुन्हेगारीपटाचे प्रतीक बनले. अनेकांनी ते विकत घेतले आणि पहिल्याच धक्क्याने घाबरून कपाटात ठेवून दिले. घरी भरणी करणाऱ्यांना मात्र त्याचा दुसरा उपयोग ठाऊक होता. त्याच मजबूत पुंगळीत दारू कमी घातली की काडतूस सौम्य आणि अतिशय अचूक होते.

कीथ यांच्यावर टीकाही पुष्कळ झाली. ‘आउटडोअर लाइफ’चे जॅक ओकॉनर हलक्या, वेगवान गोळीचे पुरस्कर्ते होते, तर कीथ जड, मोठ्या गोळीचे. या दोघांचा वाद वाचकांना वर्षानुवर्षे पुरला. रिव्हॉल्व्हरने सुमारे ६०० यार्डांवरून जखमी हरणाला टिपल्याचा कीथ यांचा दावा अनेकांना अतिशयोक्ती वाटला. त्यामागचे तंत्र मात्र खरे होते. लांबच्या लक्ष्यासाठी पुढची माशी मागच्या खाचेतून वर काढायची आणि लक्ष्य तिच्या टोकावर ठेवायचे. किती वर काढायची हे कळावे म्हणून ते माशीवर सोन्याच्या आडव्या रेघा बसवून घेत.

या आग्रहाला खेळानेच काहीसे उत्तर दिले. १९७६मध्ये एल्जिन गेट्स यांनी धातूच्या आकृत्यांवरील हँडगन नेमबाजीची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन केली. या स्पर्धेत पोलादी कोंबडी ५० मीटरवर, डुक्कर १०० मीटरवर, टर्की १५० मीटरवर आणि मेंढा २०० मीटरवर उभा असतो. नुसती गोळी लागून भागत नाही, आकृती आडवी पडावी लागते. त्यासाठी जड गोळी हवी, ती दोनशे मीटरपर्यंत अचूक जायला हवी आणि प्रत्येक काडतूस एकसारखे हवे. रिव्हॉल्व्हरने एवढ्या अंतरावर नेम धरणे हा खुळेपणा नाही, हे शेकडो सामान्य स्पर्धकांनी घरी भरलेल्या काडतुसांनी दाखवून दिले.

उतारवयात कीथ यांना मान मिळाला. मोठी रुंद टोपी, तोंडात चिरूट अशी त्यांची छबी ‘गन्स अँड अ‍ॅमो’च्या वाचकांच्या परिचयाची झाली. १९७३मध्ये उत्कृष्ट अमेरिकी हँडगन नेमबाजासाठीचा पुरस्कार सुरू झाला आणि त्याचे पहिले मानकरी कीथ ठरले. १९७९मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. १९८१मध्ये पक्षाघाताने त्यांची लेखणी थांबवली आणि १४ फेब्रुवारी १९८४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या संग्रहातील शस्त्रांचा २०१५मध्ये लिलाव झाला. त्यात ‘क्रमांक ५’ही होते.

आज काडतूसभरणीच्या पुस्तिकांत दाबाची यंत्रांनी मोजलेली मर्यादा छापलेली असते आणि सुरुवात नेहमी किमान प्रमाणापासून करावी, असे बजावलेले असते. कीथ यांच्या काही जुन्या भरण्या या मर्यादांच्या वर जातात. त्यांच्या नावाच्या दबदब्यामुळे त्या डोळे झाकून वापरणाऱ्यांना अनुभवी मंडळी सावध करतात, आणि ते योग्यच आहे. स्वतः कीथ यांनी रिव्हॉल्व्हर फुटल्यावर काडतूस बदलले आणि पुंगळी बदलताच दारूचे मापही बदलले. लक्ष्यवेधी नेमबाज आज रात्री टेबलाशी बसून काट्यावर दारू तोलतो, भरलेल्या पुंगळ्यांची रांग दिव्याखाली धरून प्रत्येकीत दारूची पातळी सारखी आहे ना ते पाहतो आणि शंका आली तर अख्खी रांग रिकामी करतो. साच्यातून निघालेली त्याची गोळी कीथ यांच्या घाटाची असते, आणि ही खबरदारी म्हणजे १९२५च्या त्या फुटलेल्या चक्राचाच धडा आहे.